भाकरी बंद केली आणि अंडी बेचव झाली: कुठे बिघडतं आणि काय करायचं

लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार, सुरू केलेल्या माझ्या ओळखीच्या घरांत साधारण तिसऱ्या आठवड्यात गाडी एकाच ठिकाणी अडते. पहिल्या आठवड्यात ऑम्लेट, भुर्जी, उकडलेली अंडी सगळं आवडीनं खाल्लं जातं. दुसऱ्या आठवड्यात त्यावर मसाला वाढतो, शेजारी सॉसची बाटली येते. तिसऱ्या आठवड्यात ताटातलं अर्धं अंडं तसंच राहतं आणि माणूस हळूच पोळीच्या डब्याकडे हात नेतो.

आमच्याकडे अगदी हेच झालं. ह्यांची शुगर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी भात, पोळी, भाकरी कमी करायला सांगितली, अंडी चालतील म्हणाले. मी आठवड्याला तीस अंड्यांचा ट्रे आणायला लागले. विसाव्या की एकविसाव्या दिवशी ह्यांनी ताट सरकवलं. "अंड्याचा वास आला तरी नको वाटतं," म्हणाले.

मी नेहमीचेच उपाय केले. तिखट वाढवलं, गरम मसाला वाढवला, वरून चाट मसाला भुरभुरला. चव आणखी बिघडली. शेवटी उत्तर मिळालं ते सासूबाईंकडून. त्या साताऱ्याकडच्या. अंड्याचा रस्सा त्यांनी वाटीत घेतला, नुसता चमच्यानं तोंडात घातला आणि लगेच पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "अगं, हे कालवण आहे. कालवायचं कशात?"

सगळं दुखणं त्या एका प्रश्नात आहे. आपल्याकडे अंड्याच्या पदार्थाला जी नावं आहेत ती बघा: कालवण, कोरड्यास, तोंडी लावणं. प्रत्येक नावात शेजारी भाकरी किंवा भात गृहीत धरलेला आहे. भाकरीत आपण मीठ घालत नाही, म्हणून रश्शात मीठ चढं असतं. भाकरीला स्वतःची चव सौम्य, म्हणून रस्सा जहाल असतो. भाकरी रस्सा शोषते, म्हणून रस्सा पातळ असतो. भाकरी काढली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर उरतं ते खारट, तिखट, पाणचट आणि मऊ. जीभ त्याला कंटाळणारच. अंड्यात काही खोट नाही, मापं चुकीची आहेत.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर भाकरी-भात एकदम बंद करू नका. औषधाचा डोस तोच राहिला आणि कार्ब कमी झाले तर शुगर धोकादायक रीतीनं खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला, डोस ठरवून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती खायची हेही विचारा. आमच्या ह्यांच्या गोळ्या डॉक्टरांनी दोनदा बदलल्या.

सगळं खारट-तिखट लागतं, तरी चव नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि सुधारायला सगळ्यात सोपी आहे. चव बघायची पद्धत बदला. आपण रश्शाची चव बघतो ती हाताच्या तळव्यावर एक थेंब टाकून, आणि मनातल्या मनात त्याला भाकरी लावतो. इतक्या वर्षांची सवय आहे, ती नकळत होते. आता मोठा चमचा भरून घ्या आणि लागोपाठ तीन चमचे खा. तिसरा चमचा नकोसा वाटला तर मीठ-तिखट जास्त आहे.

माझं नेहमीचं माप चार अंड्यांना दोन चमचे कांदा-लसूण मसाला असं होतं. आता एकच चमचा घालते. हा मसाला घालताना लक्षात ठेवायचं की त्यात मीठ आधीच असतं, म्हणून वेगळं मीठ अगदी शेवटी, चव बघून. तिखट कमी केल्यावर जी जागा रिकामी होते ती सुवासानं भरायची: ताजे भाजून कुटलेले धणे-जिरे, ठेचलेला लसूण, मिरी, कोथिंबिरीचे देठ. पाने वरून पेरायची आणि देठ वाटणात घालायचे. कोथिंबिरीचा खरा दम देठात असतो आणि आपण तेच फेकून देतो.

आंबटपणाचंही तसंच. चिंच-गुळाची जोडी या आहारात बसत नाही. गूळ म्हणजे साखरच, आणि चिंचेच्या कोळातही साखर बरीच असते. आमसूल वापरा. चार अंड्यांच्या रश्शाला दोन-तीन आमसुलं पुरतात, आणि ती गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी टाकायची. आधी टाकली आणि बराच वेळ उकळली तर रस्सा तुरट होतो. भुर्जीवर आणि ऑम्लेटवर लिंबू, तेही ताटात वाढल्यावर. मीठ कमी आहे असं वाटलं की आधी लिंबू पिळून बघा. निम्म्या वेळा मीठ घालावंच लागत नाही.

गुळाऐवजी कृत्रिम गोडी रश्शात घालणारे लोक पाहिले आहेत. मला ते पटत नाही. रश्शाला जी किंचित गोडी लागते ती नीट भाजलेल्या खोबऱ्यातून आणि लाल होईपर्यंत परतलेल्या कांद्यातून येते.

आता कांद्याबद्दल, कारण यावरून फार घोळ होतो. शंभर ग्रॅम कांद्यात साधारण नऊ ग्रॅम कार्ब असतात हे खरं. पण पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत ते पस्तीसच्या आसपास जातात. चार अंड्यांना अर्धा छोटा कांदा घातला आणि तो दोघांत वाटला, तर एकाच्या वाट्याला दोन ग्रॅमही येत नाहीत. तेवढ्यासाठी कांदा पूर्ण बंद करणं म्हणजे चवीचा पायाच काढून घेणं. कमी घ्या, बारीक चिरा आणि खरपूस परता. अर्धा कांदा लाल परतलेला, दोन कांदे अर्धकच्चे परतलेल्यापेक्षा जास्त चव देतो. कांद्याची पात तर बिनधास्त वापरा.

रस्सा पातळ, अंडं आतून अळणी

भाकरी कुस्करून खाताना रस्सा पातळ असला तरी चालतो. चमच्यानं खाताना तो अंड्याला धरून राहिला पाहिजे. मग घरातले लोक दाटपणासाठी बेसन लावतात, किंवा काजू वाटतात, किंवा शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं ओततात. एक मोठा चमचा बेसन म्हणजे साधारण पाच ग्रॅम कार्ब. दाण्याचं कूट त्यापेक्षा बरं, पण मापात.

मी जे वाटण करते ते असं. दोन मोठे चमचे किसलेलं सुकं खोबरं लोखंडी तव्यावर मंद आचेवर तांबूस भाजायचं. कडा गडद तपकिरी व्हायला हव्यात, मात्र काळ्या झाल्या की वाटण कडू होतं. त्यातच एक चमचा तीळ आणि एक चमचा खसखस. अर्धा छोटा कांदा सालासकट थेट गॅसवर भाजायचा, वरचं काळं साल काढायचं. पाच-सहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, कोथिंबिरीचे देठ. आणि एक उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक. हा बलक सगळ्यांबरोबर मिक्सरमधून काढायचा. रस्सा इतका छान मिळून येतो की पाहुण्यांना काजू घातल्यासारखं वाटतं. बलकामुळे तेल-पाणी वेगळं होत नाही, आणि कार्ब वाढत नाहीत.

भाजण्यावर मी एवढा भर देते त्याला कारण आहे. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर किंवा गॅसवर जाते तेव्हा जो खरपूस वास सुटतो, त्याची आपल्याला जेवताना सवय असते. भाकरी गेली की तो वास ताटातून जातो आणि काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. तो वास कुठूनतरी परत आणावा लागतो. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, भाजलेली मिरची, भाजलेलं वांगं, यातलं एक तरी ताटात असू द्या.

उकडलेलं अंडं आतून अळणी लागतं याला इलाज कमी आहेत, कारण उकडून घट्ट झालेला पांढरा भाग मसाला फारसा आत घेत नाही. अर्धा तास रश्शात उकळलं तरी रंग वरवरच चढतो, वर अंडं रबरासारखं होतं. दोन मार्ग आहेत. एक, उकडलेली अंडी उभी अर्धी कापायची, तेलात चिमूट हळद आणि तिखट टाकून कापलेली बाजू खाली ठेवून दोन मिनिटं न हलवता परतायची. पांढऱ्याला तपकिरी जाळी सुटते, त्यावर मसाला चिकटतो. मग रश्शात घालायची आणि एक उकळी येऊ द्यायची.

दुसरा मार्ग गावाकडचा आणि माझ्या मते जास्त चांगला. अंडी उकडायचीच नाहीत. दाट रस्सा पसरट कढईत उकळला की आच अगदी कमी करायची, अंडं वाटीत फोडून हळूच रश्शात सोडायचं. एकाशेजारी एक चार अंडी. झाकण ठेवायचं, पाच-सहा मिनिटं अजिबात ढवळायचं नाही. पांढरा भाग रश्शातच बसत जातो आणि कडेकडेनं मसाला धरतो, बलक वरून घट्ट, मधे मऊ राहतो. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर बलक पूर्ण शिजेपर्यंत झाकून ठेवा, कच्च्या बलकाची जोखीम घेऊ नका.

भुर्जीला पाणी सुटतं

भुर्जी पावाबरोबर खाताना हे पाणी पाव पिऊन टाकतो, म्हणून इतकी वर्षं आपल्या लक्षातच आलं नाही. पाव काढला की ताटात पिवळट पाण्याचं तळं दिसतं.

पाणी दोन ठिकाणांहून येतं. पहिलं टोमॅटो आणि कांद्यातून. टोमॅटोच्या बियांचा गर काढून टाका, उरलेला बारीक चिरा आणि तेल सुटेपर्यंत परता. "तेल सुटेपर्यंत" हे शब्द आपण सगळे लिहितो आणि तिथपर्यंत कोणी थांबत नाही. कढईच्या मधोमध उलथन्यानं रेघ ओढा. दोन्ही बाजू लगेच जवळ आल्या नाहीत आणि रेघेत नुसतं तेल चमकलं, तर झालं.

दुसरं पाणी खुद्द अंड्यातून येतं. अंड्याचा पांढरा भाग साधारण 62 अंशांना गोठायला लागतो, बलक 65 ते 70 च्या दरम्यान. कढई त्याच्या कितीतरी पुढे असते. जास्त तापलं की गोठलेली प्रथिनं आवळत जातात आणि ओला फडका पिळावा तसं धरलेलं पाणी बाहेर टाकतात. मग आपण ते पाणी आटवायला आच वाढवतो, अंडं आणखी आवळतं, आणखी पाणी सुटतं. शेवटी हाती येतात कोरडे, कडक दाणे.

म्हणून माझी पद्धत आता अशी. चार अंडी फोडून त्यात पाव चमच्यापेक्षा थोडं कमी मीठ घालून फेटते आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवते. मिठामुळे प्रथिनं एकमेकांना फार घट्ट धरत नाहीत, भुर्जी मऊ राहते. मिश्रण थोडं गडद आणि सैल झालेलं दिसतं, त्याला घाबरू नका. तोवर दीड चमचा तेलात जिरं, हिरवी मिरची, कांदा, टोमॅटो, हळद, मसाला परतून ताटलीत काढून ठेवते. त्याच कढईत थोडं लोणी, आच मंद, मग अंडी. कडेनं गोठलेलं मधे ओढत राहायचं. थोडं ओलसर असतानाच परतलेला मसाला आत सोडायचा, दोनदा हलवायचं आणि कच्चा पातळ भाग दिसेनासा झाला की गॅस बंद. भुर्जी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. लोखंडी कढई बंद केल्यावरही दोन-तीन मिनिटं शिजवत राहते आणि तेवढ्यात सगळी मेहनत वाया जाते.

याच भुर्जीत जवळा घातला तर तिचं रूपच पालटतं. मूठभर सुका जवळा निवडून, कोरड्या तव्यावर दोन-तीन मिनिटं खरपूस भाजायचा, गाळणीत घेऊन पाण्याखाली झटपट धुवायचा, पिळायचा आणि कांद्याबरोबर परतायचा. कोकणात, मुंबईत ज्यांच्या घरात सुकट-जवळा नेहमीचा आहे त्यांना हे सांगायला नको. घाटावरच्या लोकांना मात्र आवर्जून सांगते. सुक्या मासळीत जो खोल, तोंडात रेंगाळणारा स्वाद असतो तो अंड्याला मिळतो, कुरकुरीतपणा येतो, आणि कार्ब जवळजवळ नाहीतच. जवळा खारट असतो, अंड्यात मीठ निम्मं करा. रक्तदाब असलेल्यांनी पंधरवड्यातून एखाद्या वेळीच.

अंड्याचा उग्र वास येतो

हा वास आधीपासून नसतो, बहुतेक वेळा आपण तो तयार करतो. अंडं फार वेळ उकडलं की पांढऱ्या भागातून गंधकाचा वायू सुटतो आणि बलकातल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन बलकाभोवती हिरवट-करडं कडं तयार होतं. ते कडं दिसलं की समजा वेळ जास्त झाली. खायला ते अपायकारक नाही, पण वास आणि चव दोन्ही बिघडतात. पाणी खळखळ उकळल्यावर अंडी सोडा, आच मध्यम करा. फ्रिजमधून बाहेर काढून ठेवलेल्या अंड्याला दहा मिनिटं पुरतात, बलक अगदी घट्ट हवा असेल तर बारा. मग लगेच गार पाण्यात.

उकळत्या पाण्यात सोडल्यामुळे सालही सोपं सुटतं. अगदी ताज्या अंड्याचं साल मात्र कसंही केलं तरी पांढऱ्यासकट निघतं, कारण ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून असतो. उकडायला आठवडाभर जुनी अंडी, ऑम्लेटला ताजी.

आणि एक चूक जी मी स्वतः महिनाभर केली. वास मारायला वरून काळं मीठ किंवा चाट मसाला. काळ्या मिठाचा वास मुळात गंधकाचाच असतो, तो अंड्याच्या वासात भरच घालतो. अंड्याच्या वासाचा कंटाळा आलेल्या माणसाला काळं मीठ अजिबात देऊ नका. त्याऐवजी मिरी, ओवा किंवा लसणाची खमंग फोडणी.

डब्यातला वास ही वेगळी अडचण आहे. गरम अंडी डब्यात भरून झाकण लावलं की वाफ आत कोंडते आणि दुपारी डबा उघडल्यावर शेजारचे मागे सरकतात. पूर्ण गार करून, पुसून, कोरड्या लसूण-खोबऱ्याच्या चटणीत घोळवून भरा. उन्हाळ्यात उकडलेली अंडी बाहेर एका तासापेक्षा जास्त ठेवायची नाहीत. दुपारपर्यंत ठेवायचा डबा असेल तर ऑफिसात फ्रिज आहे का बघा, नसेल तर त्या दिवशी डब्यात दुसरं काही.

ऑम्लेट चिवट, किंवा कोरडं

यावर फार लिहिण्यासारखं नाही. मीठ आधी घालून ठेवायचं, हे वर सांगितलंच. दूध घालू नका, त्यात बहुतेक पाणीच असतं. चमचाभर साय फेटून घाला. तवा मध्यम तापलेला हवा, धूर निघत असलेला नको.

कुरकुरीतपणा हवा असेल तर तो तव्यावरच मिळतो. तेलात चमचाभर तीळ तडतडू द्यायचे, त्यावर मूठभर बारीक चिरलेली मेथी पसरायची, कडा कुरकुरीत होऊ द्यायच्या आणि मग वरून अंडं ओतायचं. मेथी अंड्यात कालवून घातली तर ओली आणि कडू लागते, तव्यावर आधी तळली गेली तर खमंग लागते. शेपू-लसणाचंही असंच. घडी घालताना आत हिरव्या मिरचीचा ठेचा लावा, पण ज्वारीच्या भाकरीवर लावता त्याच्या पाव हिश्शानं.

पिवळा बलक काढून, तेल काढून केलं तर?

मग चव येणारच नाही, आणि त्याला कुठलाही मसाला उपाय नाही. मसाल्यांचा वास बहुतांशी तेलात विरघळतो. फोडणी देण्यामागचं कारणच ते. कार्बही कमी आणि स्निग्धही कमी असं दोन्ही एकदम केलं की जेवण नुसतं प्रथिनांचं उरतं, जे कोरडं लागतं आणि पोटही भरल्यासारखं वाटत नाही. चार वाजता भूक लागते आणि हात फरसाणाकडे जातो. अंड्यातली जवळजवळ सगळी स्निग्धता, ड जीवनसत्त्व आणि कोलीन नावाचं पोषकद्रव्य बलकात असतं. कोलेस्टेरॉलमुळे डॉक्टरांनी बलकाचं माप ठरवून दिलं असेल तर ते पाळा, पण नुसत्या ऐकीव भीतीनं बलक फेकू नका.

तेच तेच होतं

आपण अंड्याचे पदार्थ म्हणजे भुर्जी, ऑम्लेट, रस्सा इतकेच धरून चालतो. यात पारशी लोकांकडून शिकण्यासारखं खूप आहे. त्यांच्याकडे "पर ईडु" हा प्रकारच आहे, म्हणजे कशाही वर अंडं. परतलेल्या भाजीत खड्डे करायचे, त्यात अंडी फोडायची, झाकण ठेवून वाफ आणायची. बटाट्यावरचं अंडं आपल्या उपयोगाचं नाही, पण भेंडीवरचं आहे, टोमॅटोवरचं आहे, पालेभाजीवरचं आहे.

भेंडीवरचं मी आठवड्यातून एकदा करतेच. पाव किलो भेंडी धुऊन पूर्ण कोरडी पुसायची, बारीक चकत्या करायच्या. दोन चमचे तेलात जिरं, हिरवी मिरची, थोडा कांदा, मग भेंडी. झाकण न ठेवता, तार जाईपर्यंत आणि कडा तांबूस होईपर्यंत. मीठ तोवर घालायचं नाही, नाहीतर चिकट होते. मग मीठ, लिंबाचे चार थेंब, भाजी सपाट करायची, चमच्याच्या पाठीनं चार खड्डे, त्यात चार अंडी. वरून मिरीपूड. झाकण, मंद आच, चार-पाच मिनिटं. खाली कुरकुरीत भेंडी, मधे मऊ पांढरा, वर बलक. याला भाकरीची आठवण येत नाही, कारण हा पदार्थ मुळात तोंडी लावणं नाही, अख्खं जेवण आहे.

गोव्यातलं रोस ऑम्लेटही करून बघा. तिकडे संध्याकाळी गाड्यांवर ऑम्लेटवर शाकुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या मसालेदार कालवणाचा, रोस (रस्सा) ओततात आणि पावाबरोबर देतात. पाव वगळायचा, ऑम्लेट पातळ करून त्याच्या शेवयांसारख्या पट्ट्या कापायच्या आणि त्यावर दाट, गरम रोस ओतायचा. भाजलेलं खोबरं, खसखस, चक्रीफूल यांचा तो वास पट्ट्यांच्या मधे मधे शिरतो. वर बारीक चिरलेला कांदा आणि लिंबू, जसं तिथे देतात तसंच.

हिवाळ्यात खानदेशी भरिताची वांगी मिळाली की भरीत करा, आणि गरम भरितात दोन अंडी फोडून मिनिटभर हलवा. वांग्याचा धुरकट वास आणि हिरव्या मिरची-लसणाचा ठेचा, त्यात अंड्यानं आलेला मिळून येणारा मऊपणा. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी तीनदा मागून घेतलं होतं.

आणखी एक, जरा वेळ लागणारा प्रकार. उकडून सोललेली अंडी बरणीत ठेवायची, त्यावर एक वाटी पाण्यात चार चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस), ठेचलेला लसूण, दोन चिरलेल्या मिरच्या आणि जिरं घालून ओतायचं. रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी अंड्यांना बाहेरून छान गुलाबी-जांभळट रंग चढलेला असतो आणि पांढऱ्या भागात आंबटपणा थोडा मुरलेला असतो. आगळात मीठ असतं, वेगळं घालू नका. दोन दिवसांत संपवा.

बाहेर खाताना

भुर्जीच्या गाडीवर पाव नको म्हणून सांगितलं तरी भुर्जी पावाच्याच मापानं येते. "मीठ-मसाला निम्मा, लिंबू वेगळं" असं आधीच सांगा, गाडीवाले आनंदानं करून देतात. हॉटेलातल्या अंडाकरीच्या ग्रेव्हीत बऱ्याचदा काजू किंवा कॉर्नफ्लोअर असतं, एकदा खाऊन ह्यांची शुगर वाढलेली दिसली तेव्हा ते आमच्या लक्षात आलं. टोमॅटो सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण चार ग्रॅम साखर जाते, त्यामुळे बाटली टेबलावरून बाजूला ठेवा.

घरात एकाचंच लो-कार्ब आहे

शेवटी आमच्याकडे अडलं ते इथे. ह्यांच्या मापाचा सौम्य, दाट रस्सा सासूबाईंना भाकरीबरोबर मिळमिळीत लागायचा, आणि दोन रस्से करायला मला वेळ नव्हता. आता रस्सा एकच करते, सौम्य मापाचा. शेजारी छोट्या कढल्यात तर्री करते: दोन मोठे चमचे तेल गरम करून आच बंद करायची, तेल किंचित निवलं की त्यात ठेचलेला लसूण, दोन चमचे कांदा-लसूण मसाला आणि मीठ. तेल फार तापलेलं असताना मसाला टाकला तर तो जळून काळा पडतो. ही तर्री वाटीत वेगळी टेबलावर ठेवायची. भाकरी खाणाऱ्यानं ती आपल्या रश्शावर ओतून घ्यायची आणि थोडं गरम पाणी घालून पातळ करायचं. सासूबाई दीड चमचा घेतात. ह्यांनी मध्यंतरी एकदा चमचा बुडवून नुसत्या टोकानं अंड्याला लावून बघितला आणि तेवढंच पुरे म्हणाले.